गारवा हाये, वारा नाही

माझा नवरा घरातली कुठलीही वस्तू फेकू देत नाही आणि माझा मुलगा कुठलीही वस्तू दुरुस्त करू देत नाही. या दोघांच्या कचाट्यात मागच्या मे महिन्यात आमची गाडी सापडली.

गाडी पंधरा वर्षांची. पांढरी, मागच्या दाराला एक पोचा. मायाच्या बाबांनी एस.टी.च्या वर्कशॉपातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाल्यावर ती जुनीच विकत घेतली. मायाचे बाबा म्हणजे देवमन, माझे यजमान. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना नावाने हाक मारलेली नाही, आता म्हातारपणी काय मारणार. अमरावतीत आमच्या गल्लीत त्या गाडीला सगळे ओळखतात, कारण दर रविवारी हे तिला लेकराला न्हाऊ घालावं तसं न्हाऊ घालतात.

आमची माया अकोल्याला दिली आहे. जावई सुगत बँकेत आहे, गुणाचा आहे. मायाला सातवा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरी, हे ठरलेलंच. तिला आणायला कोण जाणार आणि कशात जाणार, एवढाच प्रश्न होता. तोच मोठा होऊन बसला.

कारण त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मायाच्या बाबांना लकव्याचा झटका आला होता. सौम्य होता, वेळेत दवाखाना मिळाला, आठ दिवसांत घरी आले. बोलणं सुधारलं, पाय सुधारला. उजव्या हाताची बोटं तेवढी मागे राहिली. शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो, बारीक स्क्रू हातातून निसटतो. फेब्रुवारीत डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि दिवसाउजेडी गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले. त्या दिवशी मायाच्या बाबांनी येताना पाव किलो जिलबी आणली. अनुपने ती खाल्ली नाही.

अनुप म्हणजे आमचा थोरला, सिंचन खात्यात आहे. बापावर त्याचा फार जीव, पण तो जीव सगळा धाकातून बाहेर पडतो. बाबा, शिडीवर चढू नका. बाबा, ती पकड ठेवा खाली. आणि मी? खोटं कशाला बोलू, मीही मनातून त्याच्याच बाजूची होते. बत्तीस वर्षं अंगणवाडीत पन्नास पन्नास पोरं मी नुसत्या डोळ्यांनी गप्प बसवली, पण या माणसाला 'गाडी चालवू नका' एवढं सांगायला माझी जीभ रेटली नाही. त्यांच्या हातातून आधीच बरंच काही गेलं होतं.

अशात एप्रिलपासून गाडीचा एसी रुसला. सुरू केला की घरघर आवाज यायचा, पण समोरच्या जाळ्यांतून हवा म्हणाल तर कोणी दुरून फुंकर घातल्यासारखी. अनुपने गॅस भरून आणला, काही फरक पडला नाही. मग बडनेरा रोडवरच्या पिंटूला दाखवली. पिंटू या कामातला हुशार. त्याने पाच मिनिटं मान आत घातली आणि बाहेर काढली.

"काका, कूलिंग कॉइल चोक झाली. पुरा डॅशबोर्ड उतरवा लागते. चौदा हजार धरून चाला."

घरी आल्यावर बुधवारी संध्याकाळी अनुपने निकाल दिला.

"या खटाऱ्यावर चौदा हजार मी लावत नाही. बाबा, शनिवारपर्यंत एसी नीट झाला तर तुमी जा मायाले घ्याले. नाही झाला तर मी टॅक्सी सांगतो. अन् सोमवारी धामणगावचं गिऱ्हाईक येऊन राहिलं, त्याले गाडी देऊन मोकळे होऊ."

"लेक पहिल्या बाळंतपनाले माहेरी येईन, अन् भाड्याच्या गाडीत?" मायाचे बाबा म्हणाले.

"भाड्याची असली तरी थंडी असते. पंचेचाळीस टेंपरेचर हाये, बाबा. सातवा महिना हाये तिले."

यांनी ताटातली भाकरी तशीच ठेवली आणि हात धुतला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण त्या रात्री मला पीळही सैल पडल्यासारखा वाटला, आणि ते मला आवडलं नाही.

गुरुवारी सकाळी साडेपाचला जाग आली तर शेजारची गादी रिकामी. अंगणात गाडी सुरू असल्याचा आवाज. चहा घेऊन गेले तर हे स्टेअरिंगसमोर डोळे मिटून, मान टेकवून बसलेले. हातातला कप दगडी ओट्यावर आपटला आणि धावले.

"मायाचे बाबा! अवं मायाचे बाबा!"

"चूप," डोळे न उघडता ते म्हणाले. "आयकून राहिलो ना."

मला इतका राग आला की त्या माणसाला चहा द्यावा की ओतावा, हे कळेना. पण ते खरंच ऐकत होते. डॉक्टर लोक छातीला नळी लावून ऐकतात तसं. पंख्याचं बटण एकवर, मग दोनवर, तीनवर, चारवर.

"पाह्य, आवाज चारयी वेळा बदलते. म्हंजे ब्लोअरची मोटर चांगली हाये, बटनयी चांगलं हाये." मग मला खाली वाकून पाहायला लावलं. "गाडीखाली पानी टपकून राहिलं का?"

"टपकून राहिलं."

"मंग गारवा तयार होऊन राहिला. कॉइल काम करते, गॅसयी हाये." शेवटी त्यांनी कॅलेंडरचं मार्चचं पान फाडून आणलं होतं, ते जाळीसमोर धरलं. पान जेमतेम हललं. "समजलं? गारवा हाये, वारा नाही. मंधात कुठं तरी रस्ता अडला."

"पिंटू तर म्हने कॉइल..."

"पिंटू नवा पोट्टा हाये. आमचा फोरमन सांगे, बिघाड कुठी हाये थे मंग शोधा, पहिले कुठी नाही थे शोधा."

वर्षभरात इतकं सलग आणि इतकं ठाम बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. डोळ्यांत चमक होती. त्यांनी गाडी बंद केली, डावीकडे आले आणि समोरच्या सामानाच्या कप्प्याकडे बोट दाखवलं.

"याच्या मांगं फिल्टरची जागा असते. बाहेरची हवा तिथून गाळून आत येते. डोकं माहं, बोटं तुही. बस आत."

मी साडीचा पदर खोचून बसले. कप्पा रिकामा केला. विम्याचे जुने कागद, खोकल्याच्या गोळ्या, मायाची कॉलेजातली केसांची क्लिप. दोन्ही बाजूंनी दाबून कप्पा खाली ओढायचा होता. दोनदा नख मोडलं, तिसऱ्यांदा कप्पा लोंबकळला. मागे एक लांबट झाकण. ते सरकवून काढलं आणि फटीत हात घातला.

हाताला केसाळ, खरखरीत काहीतरी लागलं. मेलेला उंदीर असता तर बरं झालं असतं. पण त्या स्पर्शाची मला क्षणात ओळख पटली.

तो वाळा होता. कूलरच्या ताटीतला वाळा. आणि तो तिथे मीच कोंबला होता.

आमच्या वऱ्हाडात उन्हाळा म्हणजे कूलर, आणि कूलर म्हणजे वाळ्याच्या मुळांची ओली ताटी. मार्च संपला की ताट्या बदलायच्या, हे आमच्याकडे सणासारखं. आदल्या वर्षी यांना दवाखान्यातून घरी आणायचं त्या सकाळी मी गाडी धुवायला दिली होती. धुणाऱ्याने जुनं फिल्टर काढून दाखवलं, मातीने बरबटलेलं. म्हणाला, फेकून द्या, नवीन टाका. त्या घाईत नवीन कुठून आणायचं? बाहेर भट्टी पेटलेली आणि माझा माणूस आठ दिवसांनी घरी येणार. मला वाटलं, ताटीतून हवा गार होते तर गाडीत का होणार नाही. घरात उरलेल्या वाळ्याचा एक तुकडा कात्रीने मापात कापला, भिजवला आणि धुणाऱ्याने उघडून ठेवलेल्या त्या फटीत बसवला. पुढे औषधं, मालीश, व्यायाम यांच्या धबडग्यात मी ते साफ विसरले. वर्षभर आमच्याकडची धूळ त्या ओलसर मुळांवर बसत राहिली असणार. आता त्याची भिंत झाली होती.

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. गॅस भरला, पिंटू केला, घरात भांडण झालं, आणि रोगाचं मूळ मी.

लाज वाटली, हे खरं. पण लाजेपेक्षा वाईट गोष्ट त्याच वेळी माझ्या मनात आली, ती सांगते. मला वाटलं, हे असंच राहू दे. हवा नाही आली तर टॅक्सी येईल. माया सुखरूप घरी येईल. हे स्टेअरिंगवर बसणार नाहीत, आणि मला जीव मुठीत धरून शेजारी बसावं लागणार नाही. एक शब्द पुरे होता.

"काई नाही इथं," मी म्हणाले. "रिकामंच हाये."

"नीट पाह्य."

"पाह्यलं ना. काई नाही."

खाली वाकून त्यांनी माझ्या मांडीवरचं झाकण घेतलं आणि स्वतः बसवायला गेले. बोटांतून निसटलं. उचललं, पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा त्यांनी ते उचललंच नाही. गाडीच्या उघड्या दाराला धरून उभे राहिले.

"मंग माहाच अंदाज चुकला," ते म्हणाले. "हात गेला थे समजून घेतलं होतं मी. मले वाटे डोकं तरी शाबूत हाये. थेयी नाही म्हना. अनुपले सांग, टॅक्सी बोलाव. अन् त्या धामणगाववाल्याले आजच बोलावलं तरी चालते."

आवाज चढलेला नव्हता, चिडलेला नव्हता. चिडले असते तर मी दोन शब्द परत दिले असते आणि विषय मिटला असता. मी त्या माणसाला ज्या एका गोष्टीपासून वाचवायला निघाले होते, तिच्यापेक्षा मोठी गोष्ट माझ्या एका खोट्याने त्याच्याकडून काढून घेतली होती. मला माझाच इतका संताप आला की मी दात ओठ खाऊन हात पुन्हा फटीत घातला आणि ते सगळं मुळासकट ओढलं.

भस्सकन धूळ उडाली. काळा, कडक, फाटक्या पायपुसण्यासारखा तुकडा माझ्या मांडीवर पडला. दोघंही शिंकत सुटलो.

"हे घ्या," मी म्हणाले. "तुमचं डोकं चांगलं हाये. माहंच फिरलं होतं."

त्यांनी तो तुकडा हातात घेतला, उलटापालटा केला. "हे तं वाळा हाये. गाडीत कोनं टाकला?"

"मीनं."

"काहून?"

"तुमाले दवाखान्यातून आनलं त्या दिवशी. गाडीत तुमाले घरच्यासारखं गार वाटावं म्हून."

"अन् आता खोटं काहून बोलली?"

"भेव वाटते मले. तुमी गाडी चालवता तं भेव वाटते. तुमाले काई झालं तं मी काय करू?" हे बोलताना मी रडत होते आणि नाकात धूळ गेल्यामुळे शिंकतही होते. फार काही शोभेचं दृश्य नव्हतं.

मायाच्या बाबांनी तो तुकडा नाकाजवळ नेला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उलगडत गेलं.

"म्हंजे त्या दिवशी गाडीत खरंच वाळ्याचा वास आला होता?"

"आला असन. भिजवून टाकला होता."

"अवं बापा!" ते मटकन ओट्यावर बसले. "अन् मले वाटलं माह्या डोक्यालेच झालं काई. तुमी कोनी काई बोलेना. अनुप गाडी चालवे, तू खिडकीच्या बाहीर पाहे. मले एकट्यालेच वास. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरचा मानूस सांगे, झटका आल्यावर काई लोकायले नसलेले वास येतात. मीनं वर्षभर कोनाले सांगतलं नाही. म्हटलं, हे अजून आयकलं तं बायको खचून जाईन."

आम्ही एकमेकांना जपायला निघालो होतो आणि दोघांनीही वर्षभर एकेक दगड छातीवर ठेवून घेतला होता. आता हसावं की रडावं? त्यांनी आधी हसायला सुरुवात केली. हसता हसता त्यांचा उजवा हात माझ्या डोक्यावरची धूळ झटकत होता. बटणाला न जमणारा तो हात या कामाला मात्र अगदी व्यवस्थित चालत होता.

मग पाऊण तास मला त्यांनी वर्कशॉपातल्या हेल्परसारखं राबवलं. वाळ्याची तुटकी मुळं ब्लोअरच्या चाकात जाऊन बसली होती. तीन स्क्रू काढून मोटर खाली उतरवली, जुन्या टूथब्रशने त्या चाकाची एकेक पाकळी घासली, सायकलच्या पंपाने फुंकली. स्क्रू काढताना मी ते पदरात धरले, म्हणून एकही हरवला नाही. काचेच्या खालच्या जाळीत कडुनिंबाची पानं अडकली होती, तीही निघाली. चहा केव्हाच थंड झाला होता. तोच अर्धा अर्धा प्यालो.

दुकान उघडल्यावर पिंटूकडून नवीन फिल्टर आणलं, तीनशे रुपयांचं. पिंटू ओशाळला.

"काका, आमी मशीन लावून पाह्यलं, फिल्टर काई पाह्यलं नाही."

"तू मशीन लावून पाह्यलं," मायाचे बाबा म्हणाले. "मीनं बायको लावून पाह्यलं."

असल्या बोलण्याला एरवी मी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी माफ केलं.

घरी येऊन फिल्टर बसवलं, एसी लावला आणि मार्चचं पान पुन्हा जाळीसमोर धरलं. ते हातातून सुटून मागच्या सीटवर जाऊन पडलं. यांनी एप्रिलचंही फाडून आणलं. ते गेल्यावर मी कॅलेंडर लपवलं.

शनिवारी भर दुपारी अनुप दहा मिनिटं गाडीत बसून आला.

"एसी तं झाला," बाहेर येऊन म्हणाला. "पन बाबाच्या हाताचं काय?"

"मी बसीन ना बाजूले," मी म्हणाले. "डॉक्टरनं परवानगी देल्ली. तू कोन?"

पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं होतं, आई आपल्या पक्षात आहे.

रविवारी उजाडताच निघालो. उन्हाच्या आत मायाला घेऊन परत यायचं ठरलं होतं, पण सुगतची आई जेवल्याशिवाय सोडेना, आणि विहीणबाईंचा मान मोडता येत नाही. अकोला सोडलं तेव्हा साडेबारा वाजले होते. रस्त्यावर ऊन असं की समोरचं डांबर हलताना दिसत होतं. माया मागे उशीला टेकून बसली होती, एक हात पोटावर ठेवून.

मी रस्त्याकडे पाहत नव्हते, यांच्या उजव्या हाताकडे पाहत होते. मूर्तिजापूरच्या पुढे त्यांनी कोणी न सांगता गाडी एका कडुनिंबाखाली घेतली. खाली उतरून हाताची बोटं दहा वेळा उघडली, मिटली. ताक प्यायले. "झालं माहं, चला," म्हणाले आणि पुन्हा बसले. त्यानंतर मी त्यांच्या हाताकडे पाहणं सोडलं. ज्याला आपला थकवा कळतो आणि तो कबूल करता येतो, त्या माणसाच्या शेजारी बसायला काही हरकत नाही, असं मला वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा मी गाडीत पाठ टेकून बसले.

बडनेरा दहा किलोमीटर राहिलं असेल, तेव्हा मागून मायाचा आवाज आला.

"बाबा, एसी कमी करा ना. थंडी वाजून राहिली मले."

मायाच्या बाबांनी मान वळवली नाही. त्यांचे कान मात्र लाल झाले. खूश झाले की त्यांचे कान लाल होतात.

"काय म्हटलं? पुन्हा म्हन."

"थंडी वाजून राहिली, बाबा."

"फोन लाव," ते म्हणाले. "अन् हेच तुह्या दादाले सांग."

मायाने खरंच फोन लावला. मी माझी शाल काढून मागे दिली, तिने ती पोटावरून पांघरून घेतली. एसी त्यांनी कमी केला नाही, आणि मीही त्यांना तो करा म्हटलं नाही.